नाव कशासाठी?

गणिताच्या तासाला आपण फळ्यावर लिहितो: फ(क्ष) = क्ष + १. यातले 'फ' हे फलाचे नाव. समजा ते पुसून टाकले आणि नुसतेच म्हटले, 'दिलेल्या संख्येत १ मिळवा', तर काही बिघडते का? नियम तर तोच राहतो. मग नाव हवे कशाला?

अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३२ साली फले मांडण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यात लॅम्डा या ग्रीक अक्षराच्या मदतीने फल बिननावाचेच लिहिता येत असे. पण क्रमगुणिताचा नियम पाहा: संख्या १ असेल तर उत्तर १, नाहीतर ती संख्या गुणिले तिच्याहून एकने लहान संख्येचे क्रमगुणित. इथे नियम स्वतःलाच हाक मारतो. नाव नसेल तर हाक कशी मारणार? बिननावाचा मार्गही आहे, पण तो फार वळणाचा. म्हणून जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प या संगणकभाषेवरील लेखात, फलाला नाव जोडण्यासाठी 'लेबल' नावाची वेगळी सोय केली.

हाच प्रश्न पुढे जावास्क्रिप्टमध्ये आला. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. या भाषेत फलाला फंक्शन म्हणतात. बिननावाची फंक्शने लिहिण्याची सोय झाल्यावर त्यांना स्वतःला हाक मारता यावी म्हणून 'आर्ग्युमेंट्स.कॅली' हे शब्द वापरत. त्यांचा अर्थ, 'सध्या चालू असलेले फंक्शन'. हा उपाय ओबडधोबड होता आणि त्यामुळे प्रोग्रॅम वेगवान करणेही अवघड होई.

डिसेंबर १९९९ मध्ये भाषेच्या मानकाची तिसरी आवृत्ती आली. तिने फंक्शनला एक खासगी नाव दिले. हे नाव फक्त त्या फंक्शनच्या आतच चालते. त्याचा उपयोग काय? समजा, क्रमगुणिताचे बिननावाचे फंक्शन आपण 'अ' या चलात ठेवले आणि ते आतून 'अ'लाच हाक मारते. मग ते 'ब' या चलातही ठेवले आणि 'अ'मध्ये दुसरेच काही भरले. आता 'ब' चालवले तर तेही चुकते, कारण आतली हाक अजून 'अ'लाच जाते. खासगी नाव असेल तर हा घोटाळा होत नाही. मात्र इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत हे नाव बाहेरही सांडत असे. २००९ च्या पाचव्या आवृत्तीने 'काटेकोर' पद्धतीत आर्ग्युमेंट्स.कॅलीला बंदी केली.

नावाचे दुसरे काम माणसासाठी असते. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, की कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी मिळते. तीत ओळीमागून ओळ 'अनामिक' असेल तर चूक शोधणाऱ्याने काय करावे? २०१५ च्या मानकाने यावर तोडगा काढला. बिननावाचे फंक्शन थेट एखाद्या चलात ठेवले, की त्या चलाचे नाव त्याला चिकटते. बारसे एकदाच, पुढे ते दुसऱ्या चलात गेले तरी नाव पहिलेच राहते. पण ही नुसती पाटी आहे. तिने फंक्शनला स्वतःला हाक मारता येत नाही. त्यासाठी खासगी नावच लागते.

मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. इथे पहिले नीट केले तरच दुसरे जमते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. पाच विद्यार्थ्यांना पाच वेगवेगळ्या क्रिया द्या: कोणी ३ मिळवेल, कोणी दुप्पट करेल. प्रत्येकाने आपले उत्तर चिठ्ठीवर लिहून पुढच्याला द्यायचे, आणि एकाने मुद्दाम चुकायचे. मग पाचही चिठ्ठ्या मिसळून चूक शोधायला सांगा. आधी चिठ्ठ्यांवर नावे न घालता, मग नावे घालून. नाव कशासाठी, याचे उत्तर मुलेच देतील.