कोणाला दिली नाही

आजी गेल्यावर वर्षभराने मिरजेचं घर आवरायला घेतलं, तेव्हा कपाटाच्या तळाशी, जुन्या साड्यांच्या गाठोड्याखाली तिची क्रोशाची वही सापडली. शंभरपानी, एकेरी रेघांची शाळकरी वही. डाव्या पानावर मजकूर आणि उजव्या पानावर सुईदोऱ्याने टाचलेला विणकामाचा तुकडा. मजकूर असा: ‘६ सा जोड. ३ सा १५ खां जोड. ५ सा १ सो १ मु – ८ वेळा.’ ज्यांनी कधी क्रोशाची सुई हातात धरलेली नाही त्यांना हे रेल्वेचं वेळापत्रक वाटेल. मला ते लगेच वाचता आलं. सहा साखळ्यांचं कडं, त्यात सोळा खांब (पहिल्या तीन साखळ्या हा एक खांब धरायचा), मग एक घर सोडून मुका खांब, मध्ये पाच साखळ्यांची कमान. सोळा भागिले दोन, आठ कमानी. हिशोब चोख. रोज दुसऱ्यांचा कोड वाचून पोट भरणाऱ्या माणसाला असा कोड वाचायला मिळणं हे सुखच.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात वीण कुठून आली त्याची नोंद. ‘पोस्टातल्या वहिनी, दसरा ७४.’ ‘माई, बाळंतपणाला गेले तेव्हा.’ एका पानावर तर ‘सांगलीची बस, अनोळखी बाई.’ मिरज ते सांगली अंतर ते किती! तेवढ्यात त्या बाईने वीण सांगितली आणि आजीने ती टिपून घेतली.

शेवटून तिसऱ्या पानावर मात्र मजकूर नव्हता. फक्त तुकडा, तळहातापेक्षा थोडा मोठा, अकरा गोलांचा, कडेला अननसासारखे उभे आकार. आणि खाली पेन्सिलीने: ‘कोणाला दिली नाही.’

हे वाक्य मला टोचलं. मी क्रोशे शिकले लॉकडाऊनमध्ये, खोलीत एकटीने. आता पुण्यात आम्ही आठ-नऊ जण दर रविवारी एका मैत्रिणीच्या गच्चीवर जमतो. कोणी नवीन काही केलं की पहिला प्रश्न ‘पॅटर्न दे ना’ आणि तो दिला जातोच. चुका दाखवल्या जातात, कुठला दोरा धुतल्यावर आटतो ते सांगितलं जातं. आम्ही ज्यावर काम करतो त्यातलं निम्मं सॉफ्टवेअरही कोणीतरी असंच फुकट वाटलेलं आहे. बसमधल्या अनोळखी बाईकडून वीण घेणारी माझी आजी स्वतःची वीण मात्र लपवते? मी क्रोशेचा इतिहास वाचायला घेतला तो खरं तर तिच्यावर रागावून.

पहिलं आश्चर्य म्हणजे ही कला फार तरुण आहे. माग हजारो वर्षं जुना, दोन सुयांचं विणकामही मध्ययुगातलं. त्यामुळे क्रोशेही तसंच प्राचीन असेल अशी माझी समजूत होती. लिस पालुदान नावाच्या डॅनिश संशोधिकेने याच्या उगमाचा कसून शोध घेतला. पण १८०० च्या आधी युरोपात आजच्या अर्थाने क्रोशे होतं असा ठोस पुरावा तिला मिळाला नाही. १८१२ च्या सुमाराच्या आठवणी लिहिताना एलिझाबेथ ग्रांट ही स्कॉटिश बाई ‘मेंढपाळी विणकामा’चा उल्लेख करते. ते आकड्याने केलेलं जाडंभरडं काम, बहुधा क्रोशेचा जवळचा पूर्वज. छापील नमुने पहिल्यांदा दिसतात ते १८२३ मध्ये, ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात. रेशमी दोऱ्याच्या बटव्यांचे. म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा क्रोशेचा एकही नमुना छापला गेलेला नव्हता.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्याशी जुळणारी आहे. क्रोशेचा तयार तुकडा हाच त्याचा कोड असतो. आमटी चाखून तिची कृती नेमकी सांगता येत नाही, पण विणलेला रुमाल उजेडात धरला, टाके मोजले, की सराव असलेली बाई तो जसाच्या तसा विणू शकते. छापील पुस्तकं येण्याआधी बायका हेच करत. तुकडे विणून ठेवायचे, वहीत किंवा कापडावर टाचायचे. शब्दांपेक्षा तुकडा भरवशाचा, कारण शब्दांत एक आकडा चुकला की पुढचे सगळे गोल चुकतात. एडिंबरोच्या जेन गॉगेन या बाईंनी १८४० मध्ये विणकाम-क्रोशेचं पुस्तक काढलं आणि त्यात टाक्यांसाठी अक्षरांची लघुलिपी वापरली. त्यांचं लोकरीचं दुकान होतं. नमुना वाचला की गिऱ्हाईक दोरा घ्यायला येणारच! हे व्यापाराचं गणित आजही चालू आहे, दोऱ्याच्या कंपन्या नमुने फुकट देतात ते उगीच नाही.

लघुलिपी आली तरी घोळ संपले नाहीत. ज्या टाक्याला इंग्लंडात ‘डबल’ म्हणतात त्यालाच अमेरिकेत ‘सिंगल’ म्हणतात, आणि अमेरिकेतला ‘डबल’ म्हणजे इंग्लंडातला ‘ट्रेबल’. पॅटर्न कुठला हे न पाहता सुरुवात केली की स्वेटरऐवजी बाहुलीचं झबलं होतं. (स्वानुभव. बाहुलीला छान बसलं.) जपानी लोकांनी यावर चिन्हांचा उपाय काढला. साखळीला लंबगोल, खांबाला आडवी रेघ मारलेला उभा दांडा, आणि या चिन्हांचं चक्क औद्योगिक मानक केलं. जपानी पुस्तकातलं एक अक्षर कळत नसताना त्यातली शाल विणता येते. आजीच्या ‘सा’, ‘खां’, ‘मु’ची मजा वेगळीच. आपल्याकडे कोणी तरी तो टाका पाहून त्याला ‘खांब’ म्हटलं आणि बुटक्या खांबाला ‘मुका’. कोणी म्हटलं ते कुठे लिहिलेलं नाही, पण नाव टिकलं.

पण ज्याला कोड वाचता येतो त्याच्यापासून तुकडा लपवायचा म्हणजे काय, याचं उत्तर मला आयर्लंडमध्ये सापडलं.

१८४५ मध्ये तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचं जवळजवळ सगळं पोट त्या एका पिकावर. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि साधारण तेवढीच देश सोडून गेली. याच काळात कॉर्कजवळच्या उर्सुलाइन जोगिणींच्या मठात मुलींना क्रोशे शिकवलं जात होतं. १८४७ मध्ये मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावच्या धर्मगुरूची बायको कॅसांड्रा हँड हिने किल्डेअरहून शिकवणारी बोलावून गावातल्या बायकांना कामाला लावलं. व्हेनिसची महागडी सुईची लेस विणायला फार वेळ लागे. आकड्याने तिची नक्कल त्याहून खूपच लवकर होई. भांडवल म्हणजे एक सुई आणि दोरा. सुई विकत घेणं जमत नसेल तर तारेचा आकडा करून लाकडात बसवायचा. गुलाब, तीन पानांचं शॅमरॉक, द्राक्षाचे घोस, असे सुटे आकार बायका घरी विणत आणि दुसऱ्या बायका ते जाळीने जोडत. त्या पैशांतून घरभाडी भरली गेली, अमेरिकेच्या जहाजाची तिकिटं निघाली.

याच लेसच्या शोधाचं श्रेय स्वतःकडे घेणारी एक बाई लंडनमध्ये होती. एलेओनोर रिएगो दे ला ब्रांशार्दिएर. आई आयरिश. १८४६ मध्ये तिचं पहिलं पुस्तक आलं, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तिला पदक मिळालं, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं ती नमुन्यांची पुस्तकं काढत राहिली. पुस्तकं घेणाऱ्या मध्यमवर्गीय बायका. त्या वेळ घालवायला विणायच्या, मैत्रिणींना नमुने द्यायच्या, मासिकांना पत्रं लिहायच्या. जिला आपण आज ‘ग्रॅनी स्क्वेअर’ म्हणतो ती चौकोनी वीण छापलेली सापडते १८८५ सालच्या ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकन शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात. शेतीच्या बातम्यांशेजारी एक चौकोन. कसलीही राखणदारी नाही.

आणि तिकडे आयर्लंडात, असं सांगतात, की घराण्याघराण्याचा एखादा खास आकार असे. तो आईकडून मुलीकडे जाई. दारात कोणी आलं की विणणारी हातातलं काम पदराआड, म्हणजे त्यांच्या एप्रनखाली, सरकवी. शेजारणीने एकदा नीट पाहिलं की तिला तो येणार, आणि मग लेसच्या दलालाकडे तोच गुलाब दोघींनी नेला की भाव पडणार. हे वाचलं आणि मला साड्यांचं गाठोडं आठवलं.

आईला फोन केला. आजी क्रोशे का करायची, असं विचारलं. ‘का म्हणजे? आवड. दुपारचा वेळ जायचा,’ आई म्हणाली. मग जरा थांबून, ‘रुखवताच्या ऑर्डरी घ्यायची की ती.’ मला हे माहीतच नव्हतं. लग्नसराईच्या आधी तीन-चार महिने घरात दोऱ्याच्या गुंड्यांचा खच असायचा. ताटावरचे रुमाल, तोरणं, तांब्याभोवतीच्या जाळ्या, देवापुढचं आसन. रुखवतावर मुलीच्या नावाने मांडलेल्या कितीतरी वस्तू मुलीने विणलेल्या नसत, हे सगळ्यांना ठाऊक असे आणि कोणी बोलत नसे. आजीला पैसे मिळत ते डब्यात. आईच्या कॉलेजची एका वर्षाची फी त्या डब्यातून भरली गेली. आजोबा मात्र पाहुण्यांना सांगायचे, ‘हिला आपला एक चाळा.’

‘चाळा’ हा शब्द मला पुढे नरसापूरपर्यंत घेऊन गेला. आंध्रातल्या गोदावरीच्या मुखाजवळचं हे गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी इथे क्रोशेची लेस आणली. पुढे तो व्यापाऱ्यांचा धंदा झाला, माल परदेशी जाऊ लागला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मारिया मीस ही जर्मन समाजशास्त्रज्ञ तिथे राहून बायकांशी बोलली. तिचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. लाखावर बायका घरोघरी विणत होत्या. कोणी फक्त फुलं करायची, कोणी फक्त जोडायची, पूर्ण टेबलक्लॉथ कुठे जातो नि केवढ्याला विकला जातो हे बहुतेकींना माहीत नसे. दिवसभराची कमाई शेतमजूर बाईच्या किमान मजुरीच्याही कितीतरी खाली. आणि या बायका स्वतःला कामगार म्हणवत नसत. सरकार, व्यापारी, नवरे आणि त्या स्वतः, सगळे म्हणत: गृहिणी आहेत, फावल्या वेळात करतात. दिवसाचे सहा-आठ तास फावला वेळ! नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. विणणारीच्या हाती किती येतं हा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. क्रोशेचं यंत्र नाही. दोन सुयांच्या विणकामाचं यंत्र १५८९ पासून आहे. दुकानात ‘क्रोशे’ म्हणून मिळणारी यंत्रावरची लेस वेगळ्याच तऱ्हेने गुंफलेली असते. प्रयोगशाळांत काही प्रोटोटाइप आहेत, कारखान्यात नाहीत. प्रत्येक टाक्याला सुई वेगळ्या घरात, वेगळ्या कोनातून घालावी लागते, हे यंत्राला अजून नीट जमलेलं नाही. तेव्हा मॉलमध्ये चारशे रुपयांना टांगलेला खराखुरा क्रोशेचा टॉप हा कुठल्यातरी बाईने हाताने विणलेला असतो. तसा टॉप विणायला मला तीन आठवडे लागले होते. मी चारशे भागिले तीन आठवडे करून पाहिलं आणि तो टॉप परत हँगरला लावला. लावून कोणाचं भलं झालं, माहीत नाही.

हौशी लोक एकत्र आले की काय होतं तेही खरंच आहे. चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये शेकडो बायकांनी देशा-परदेशांतून चौकोन विणून पाठवले आणि ते जोडून ११,१४८.५ चौरस मीटरची चादर झाली, तेव्हाचा विश्वविक्रम. नंतर ती उसवून पांघरुणं गरजूंना वाटली. तो फोटो बघताना मला अजूनही भारी वाटतं. पण त्या चौकोनावर कोणाचीही कॉलेजची फी अवलंबून नव्हती. गच्चीवरच्या आमच्यातल्या कोणाचीच नाही. आमचे पगार पहिल्या तारखेला येतात, पॅटर्न वाटून टाकणं आम्हाला परवडतं.

आजीने बाकीच्या सगळ्या विणी मागेल तिला दिल्या होत्या, हे आईनेच सांगितलं. पोस्टातल्या वहिनींना तर शिकवायला त्यांच्या घरी जायची. ही एकच अडवून धरली. लग्नातलं देवापुढचं आसन, अकरा गोलांचं, अननसाच्या कडेचं, तेच गिऱ्हाईक परत आणायचं.

‘तुला तरी दिली का?’ मी विचारलं.

‘मी मागितली नाही,’ आई म्हणाली. ‘मला कुठे येतंय क्रोशे. तिनेच शिकवलं नाही. म्हणायची, तू नोकरी कर.’

गेल्या दोन महिन्यांत मी भिंगाखाली टाके मोजत त्या तुकड्याचा आराखडा जपानी चिन्हांत उतरवला आहे. सातव्या गोलात तिने एक युक्ती केली आहे. अननसाच्या पोटातला खांब ती मागच्या धाग्यातून उचलते, म्हणून कड सपाट पडते, वळत नाही. दोनदा उसवलं तेव्हा ते लक्षात आलं. मागच्या रविवारी गच्चीवर एकीने विचारलं, हे काय करतेयस, मस्त आहे, पॅटर्न दे ना. तिच्या ओळखीच्या एक बाई भोरजवळ बचतगट चालवतात, पुण्यात प्रदर्शनं लावतात, त्यांना देवघरातली आसनं हवी आहेत. मी म्हटलं, त्या बाईंचा नंबर दे.