सभागृहांतील ध्वनिशोषक तक्ते: एक दुर्लक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे कागदपत्रें, ताम्रपट, शिलालेख व नाणीं हीं आपणांपुढें उभीं राहतात. वास्तूचा विचार करतांनाहि आपण तिचा आराखडा, दगड, चुना व नक्षी पाहतों. तींत बोललेला शब्द कसा ऐकूं येत असे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विजापूरच्या गोल घुमटाची गोष्ट निराळी. तेथील प्रतिध्वनीची ख्याति सर्वत्र आहे. परंतु व्याख्यानगृहें, न्यायालयें, नाट्यगृहें व कचेऱ्या यांच्या आवाजाची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. अशा जागीं छताला व भिंतींना लाविलेले ध्वनिशोषक तक्ते, ज्यांस हल्लीं अकूस्टिक पॅनेल म्हणतात, ते त्या आवाजाचें साधन म्हणून नोंदण्याजोगे आहेत, असें आमचें म्हणणें आहे. तें कां, हें कळण्यासाठीं त्यांचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत देतों.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत फॉग कलासंग्रहालयाची इमारत इ. स. १८९५ मध्यें उघडली. तिच्या व्याख्यानगृहांत वक्त्याचें बोलणें कळेना. एक शब्द उच्चारला कीं त्याचा निनाद साडेपांच सेकंदांहून अधिक वेळ घुमे, व तेवढ्यांत पुढचे कित्येक शब्द त्यांत मिसळत. विद्यापीठाचे अध्यक्ष एलियट यांनीं हें काम वॉलेस क्लेमेंट सेबाइन या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकाकडे सोंपविलें. सेबाइन यांनीं जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रीं आणवून त्या खोलींत मांडाव्या, ऑर्गनची नळी वाजवून एकदम बंद करावी, व आवाज ऐकूं येईनासा होईपर्यंतचा काळ मोजावा, असा क्रम चालविला. शहराची गडबड थांबल्यावर, मध्यरात्रीपासून पहांटेपर्यंतच हें काम होई. सर्व गाद्या मांडून झाल्यावर निनादाचा काळ १.१४ सेकंदांवर आला.

या प्रयोगांतील एक गोष्ट संशोधकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. माणसाच्या अंगावरील कापडहि आवाज शोषतें. आपल्या पोशाखाची नोंद राहिली नव्हती, म्हणून सेबाइन यांनीं दोन महिन्यांचीं, तीन हजारांहून अधिक निरीक्षणें टाकून दिलीं, आणि पुढें तोच पोशाख दर वेळीं घालून काम नव्यानें केलें. आधारभूत प्रत संशयित ठरतांच तिजवर उभारलेलें विवेचन बाजूस ठेवणाऱ्या संपादकाची शिस्त ती हीच.

इ. स. १८९८ मध्यें त्यांस नियम सांपडला: खोलीचें आकारमान वाढेल तसा निनाद लांबतो, व तेथील पदार्थांची एकूण शोषणशक्ति वाढेल तसा तो आंखूड होतो. शोषणाचें एकक म्हणून त्यांनीं उघडी खिडकी धरली. कारण तिच्यांतून गेलेला आवाज परत येत नाहीं. फॉगच्या भिंतींवर केसांचा नमदा लावतांच ती जागा व्याख्यानास उपयोगी झाली. इ. स. १९०० मध्यें उघडलेलें बोस्टनचें सिंफनी हॉल हें याच गणिताच्या आधारें आधींपासून योजलेलें पहिलें सभागृह होय.

पुढें नमद्याची जागा तयार मालानें घेतली. गुस्ताविनो यांच्या कारखान्यानें सेबाइन यांच्या साहाय्यानें आवाज शोषणारी सच्छिद्र फरशी काढली; तिचे रम्फोर्ड व अकूस्टोलिथ हे प्रकार अनुक्रमें इ. स. १९१४ व १९१६ मधील. उंसाच्या चिपाडापासून केलेले सेलोटेक्सचे तक्ते इ. स. १९२० नंतर प्रचारांत आले. या सर्वांचें मर्म एकच. हवेचीं कंपनें बारीक छिद्रांत शिरतात, तेथें घासलीं जाऊन त्यांची उष्णता होते, व परतणारा आवाज क्षीण होतो. खालच्या स्वरांसाठीं तक्ता जाड हवा, किंवा त्याच्या पाठीमागें पोकळी हवी.

म्हणूनच रंगाचा एक हात घातक ठरतो. रंगानें छिद्रें बुजलीं कीं तक्ता डोळ्यांस तोच दिसतो, पण त्याचें काम संपतें. हस्तलिखितावर हरताळ फासला म्हणजे खालचीं अक्षरें जशीं जातात, तसाच हा प्रकार. सेलोटेक्सच्या तक्त्यांना मुद्दाम भोंकें पाडलेलीं असत, तीं रंग दिल्यावरहि आवाजास वाट राहावी म्हणून.

कधीं हा हरताळ जाणूनबुजूनहि फासला जातो. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्यें इ. स. १९३० च्या सुमारास अकूस्टोलिथ लाविलें होतें. तेथें प्रवचनाचा शब्द न् शब्द कळावा, ही त्या काळची अपेक्षा. ऑर्गनला मात्र दीर्घ निनाद मानवतो. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्या फरशीवर लेप देऊन तिचीं छिद्रें बंद करण्यांत आलीं. यांत कोणाचा दोष काढावयाचा नाहीं. पण एका पिढीला शब्द हवा होता व दुसरीला स्वर, हा पालट त्या छतावर लिहिलेला आहे. आणि लेपापूर्वींचें मोजमाप नसेल, तर त्यांतील पहिला पाठ कायमचा गेला.

जुन्या तक्त्यांपैकीं कांहींत ॲस्बेस्टॉस असतें, व तें आरोग्यास घातक असल्यानें जाणकारांकडून काढवावेंच लागतें. सगळेंच जतन करा, असा आमचा आग्रह नाहीं. तक्ता काढण्यापूर्वीं किंवा रंगविण्यापूर्वीं त्याचा पदार्थ, जाडी, भोंकांची मांडणी, पाठीमागची पोकळी, रंगाचे थर व त्या जागेचा निनादकाल एवढें लिहून ठेवावें, इतकीच सूचना आहे. फॉगची ती इमारत इ. स. १९७३ मध्यें पाडण्यांत आली. व्याख्यानगृह गेलें, भिंती गेल्या, नमदाहि गेला. तरी तेथें शब्द किती घुमे हें आज आपण सांगूं शकतों, कारण एका माणसानें तें मोजून, आपल्या अंगावरील कोटासुद्धां नोंदून, लिहून ठेविलें. आपल्याकडील जुन्या सभागृहांच्या व नाट्यगृहांच्या दुरुस्तीच्या वेळीं एवढी दक्षता घेतली जावी, अशी आमची संशोधकांस विनंति आहे.