बोलण्याने काय घडतं?

संध्याकाळच्या बोरिवली लोकलमध्ये उभा प्रवासी बसलेल्याला विचारतो, "कुठे?" उत्तर येतं, "अंधेरी." व्यवहार पुरा झाला. विचारणाऱ्याला त्या माणसाच्या घराशी देणंघेणं नसतं. त्याने जागा मागितली, बसलेल्याने दिली, शेजारच्यांनी ऐकलं म्हणजे साक्षही झाली. अंधेरीला त्या जागेवर सहसा दुसरा कुणी हक्क सांगत नाही. दाराशी मात्र "अंधेरी उतरणार?" म्हणजे "नसाल तर वाट द्या". प्रश्न तोच, काम निराळं. भाषेच्या कार्यांचा अभ्यास इथून सुरू होतो.

व्याकरण वाक्याची घडण सांगतं, कोश शब्दाचा अर्थ देतो. बोलल्यामुळे माणसामाणसांत काय घडलं, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे तो जुना आहे. नवव्या शतकात काव्यशास्त्रात आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे सूचित अर्थाचा, सिद्धान्त मांडला. पुढे मम्मटाने दाखवलं, की सूर्य मावळला एवढंच म्हटलं तरी कुणाला गुरं वळवायची सूचना मिळते, कुणाला संध्येची. पश्चिमेत तत्त्वज्ञ ऑस्टिनने बोलणं हीच कृती मानली. त्याची व्याख्यानं 1962 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याआधी 1960 मध्ये भाषाशास्त्रज्ञ याकोबसनने भाषेची सहा कार्यं सांगितली होती: माहिती देणं, भावना व्यक्त करणं, ऐकणाऱ्याला प्रवृत्त करणं, संपर्क राखणं, भाषेविषयीच बोलणं आणि शब्दरूपाकडे लक्ष वेधणं.

यांतलं संपर्काचं कार्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने 1923 मध्येच ते ओळखलं होतं. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत हातात पिशवी दिसत असतानाही शेजारी विचारतात, "काय काकू, बाजारात का?" माहिती कुणालाच नको असते. पण एके दिवशी हा प्रश्न आला नाही, तर काहीतरी बिनसलंय हे दोघांनाही कळतं.

घाटकोपरमध्ये कोणत्या भाषेत बोलायचं, ही निवडसुद्धा काम करते. एकाच दुकानात गिऱ्हाईक पाहून भाषा बदलते: गुजराती, मराठी, हिंदी. सांगलीजवळच्या कुपवाडचा गम्पर्झ आणि विल्सन यांचा 1971 चा अभ्यास इथे जरूर वाचावा: तिथल्या मराठी, कन्नड, उर्दूची वाक्यरचना एकमेकींच्या फार जवळ आली, शब्द मात्र वेगळे राहिले, कारण कोण कुठल्या समाजाचा हे शब्दांवरून कळत होतं.

पुढची प्रकरणं उघडण्याआधी आठवडाभर कानावर पडलेली वाक्यं लिहून ठेवा. कोण, कोणाला, कुठे म्हणालं आणि मग काय झालं, हेही नोंदवा. तुमच्या नोंदींना जे लागू पडणार नाही, ते याकोबसनचं असलं तरी बाजूला ठेवायला कचरू नका.