पुण्यातला ग्लूटेन-फ्री केक आणि केनवडची भाकर

बसमध्ये, लोकलमध्ये, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, तर सांगून ठेवतो, आजचा भाग भूक लावणारा आहे. वाचत असाल, तर हा त्याच भागाचा थोडा नीटनेटका केलेला मजकूर.

तर झालं असं. मी मूळचा केनवडचा. तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. बीटेक झालं, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागली, आणि दोन वर्षांपूर्वी वजन उतरायला लागलं. पोट कायम बिघडलेलं, हिमोग्लोबिन खाली. एका ठिकाणी कितीतरी महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करून घेतली, मग एंडोस्कोपी. निदान आलं: सिलिॲक. म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यांवर हल्ला करतं. यावर गोळी नाही. ग्लूटेन आयुष्यभर बंद, हाच उपचार.

मी घरी फोन केला. गळा भरून आला होता. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाकर चालते ना? मंग काहून रडून राह्यला?"

तिचं बरोबर होतं. पण आजीला शुक्रवारची टीम पार्टी माहीत नव्हती. सगळ्यांसमोर पिझ्झा, आणि माझ्यासमोर पाण्याची बाटली. पहिल्या वेळी लोक चौकशी करतात, दुसऱ्या वेळी सॉरी म्हणतात, तिसऱ्या वेळी तुम्हीच काहीतरी कारण काढून घरी निघून जाता.

मग कोथरूडच्या एका गल्लीत मला एक छोटा कॅफे सापडला. जुन्या बंगल्याचा तळमजला, सहा टेबलं, खिडकीत झोपलेलं मांजर. फळ्यावर खडूने लिहिलेलं: ज्वारीचा चॉकलेट केक, नाचणीच्या कुकीज, राजगिऱ्याची टार्ट. चालवणाऱ्या ताईंना मी घाबरतच विचारलं, "ताई, याच ओव्हनमध्ये मैद्याचंही भाजता का?" त्या मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मैदा दारातून आतच येत नाही, म्हणाल्या. त्या दिवशी मी खूप महिन्यांनी चार माणसांत बसून, न घाबरता केक खाल्ला.

चवीला काय होता? खरं सांगू, पहिल्याच घासाला आजीची चूल आठवली. आणि प्रश्न पडला, जे आमच्या गावात रोज ताटात असायचं, ते शहरात औषधासारखं शोधत फिरायची वेळ का आली? आजचा भाग त्या प्रश्नाबद्दल.

आधी पुण्याकडे बघू. बाहेर बसून खाणं ही इथे साधी गोष्ट कधीच नव्हती. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. पाहुण्यांना चहा-बिस्किटं दिली गेली. पाहुण्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. मग गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींच्या पतींनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावभर गदारोळ झाला. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक आणि रानडे, दोघांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी, मंडळी.

हे चित्र बदलण्यात मोठा वाटा इराणी हॉटेलांचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यज्द, केरमान भागातून माणसं मुंबईत आली, पुण्यात आली. त्यांनी कोपऱ्यावरच्या जागा घेतल्या, संगमरवरी टेबलं मांडली, चहा उकळायला ठेवला. पैसे द्या आणि बसा. डेक्कनचं गुडलक १९३५ चं. कॅम्पातली कयानी बेकरी १९५५ ची. विद्यार्थी, कारकून, नाटकवाले, सगळे एकाच छताखाली बनमस्का चहात बुडवू लागले.

आता गंमत बघा. ज्या टेबलाने सगळ्यांना शेजारी बसवलं, त्या टेबलावर काय होतं? बन, ब्रून, खारी, नानकटाई, श्रूजबेरी. सगळा मैदा. १८९० मध्ये पोटाला चालत होतं, समाजाला चालत नव्हतं. माझं नेमकं उलटं. समाजाची काही हरकत नाही, पोटाची आहे. जात आणि आजार एका मापाने मोजता येत नाहीत, हे मला कळतं. माझ्याकडे कोणी तुच्छतेने बघत नाही. पण टेबलापासून लांब बसणं म्हणजे काय, याची थोडीशी कल्पना मला आता आहे.

ग्लूटेनवर संशय तरी कधी आला? या आजाराचं नीट वर्णन सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टरने १८८८ मध्ये केलं होतं. कारण मात्र कोणालाच सापडत नव्हतं. १९२४ पासून अमेरिकेत अशा मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवायचे. मुलं सुधारायची, श्रेय केळ्याला जायचं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धात, तिथे भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी, आणि सिलिॲकची मुलं मात्र सुधारली! पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिकेंनी आपल्या प्रबंधात हे सिद्ध केलं. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर, सगळे केळ्याला फिक्स समजत होते, बग गव्हात होता.

आता आमच्या केनवडकडे. आजीच्या लहानपणी आमच्याकडे खरिपात ज्वारी, तूर, कापूस. रोजची भाकर ज्वारीची. उडीद मिसळून कळण्याची भाकर, ताकातल्या कण्या, नागपंचमीला लाह्या. पोळी फक्त सणाला किंवा पाहुणा आला की. मग गहू रोजच्या ताटात कसा आला?

एक धागा रेशनचा. १९५६ मध्ये भारताने अमेरिकेशी पीएल-४८० खाली करार केला आणि जहाजं भरभरून गहू येऊ लागला. पुढे हरितक्रांती झाली, उत्तरेत गव्हाचे डोंगर उभे राहिले. सरकारी खरेदी गहू-तांदळाची, म्हणून रेशनवर मिळणार तेही गहू-तांदूळच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा दर १ रुपया किलो लिहिलेला होता. पण प्रत्यक्षात आमच्या पिशवीत आला तो २ रुपयांचा गहू आणि ३ रुपयांचा तांदूळ.

दुसरा धागा शेताचा. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. उत्पादन वाढलं, पण दाणा लवकर भरायचा, परतीच्या पावसात सापडून काळा पडायचा. 'हायब्रीड' हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरतात, तो उगाच नाही. त्यात पाखरं, रानडुकरं, कापणीला मजूर नाहीत. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, कडब्याची गरज संपत गेली. आणि सोयाबीन साडेतीन महिन्यांत रोख पैसा देतं. महाराष्ट्र झाला तेव्हा राज्यात ज्वारी सुमारे ६० लाख हेक्टरवर होती. आज ती निम्म्याहून कमी आहे. आमच्या शेतात तर शून्य. सगळं सोयाबीन.

इथपर्यंत मी ठरवलेलं भाषण असं होतं: बघा, आपण आपलं सोनं सोडलं आणि परक्याचा गहू धरला. दिवाळीत गावी गेलो तेव्हा हे भाषण मी आजीला ऐकवलं. ती म्हणाली, "तू जात्यावर दळलं हायेस का कधी?"

मग तिने सांगितलं. पहाटे उठून दळण. चुलीच्या धुरात भाकरी थापणं, एकेका वेळी वीस-पंचवीस. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाणं, आणि रेशनवर आलेली लाल मिलो. तीही अमेरिकेची ज्वारीच, पण तिची भाकर घशाखाली उतरायची नाही. तिच्यासाठी रोजची पोळी म्हणजे वाईट दिवस सरल्याची खूण होती. मी ज्याला सोनं म्हणत होतो, त्यात तिची कंबर गेली होती. मी माझी ओळ वहीतून खोडली.

ग्लूटेन म्हणजे नुसतं विष आहे, असंही नाही. कणीक ताणली जाते, पाव फुगतो, तो ग्लूटेनमुळेच. ज्वारीत ते नाही, म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवून, मळून मळून, परातीत थापावं लागतं. कोथरूडच्या ताई हेच काम अंडं आणि झँथन गम घालून करतात. आजीकडे गम नव्हता, मनगट होतं. आणि ज्यांना सिलिॲक किंवा गव्हाची ॲलर्जी नाही, त्यांनी पोळी सोडायचं काही कारण नाही. शंका असेल तर गहू आधी बंद करू नका, तपासणी आधी करा. गहू सोडल्यावर ती तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

माझ्यासारखे कोणी ऐकत असतील तर कॅफेत काय विचारायचं तेही सांगतो. ओव्हन आणि तळणीचं तेल वेगळं आहे का? ओट्स वापरता का, आणि त्यावर ग्लूटेन-फ्री लिहिलंय का? आपल्याकडे त्या लेबलसाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावं लागतं. एका कॅफेत मी न विचारता 'ग्लूटेन-फ्री' ब्राउनी खाल्ली आणि पुढचे चार दिवस ऑफिसला जाऊ शकलो नाही. चाकू तोच, ट्रे तोच. घरी दोन चोर असतात. एक, डब्यातला हिंग. बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. दुसरी, गिरणी. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली की ती ज्वारी आपली राहत नाही.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून शहरात ज्वारीची कुकी मिरवते आहे. मला त्याचा रागही नाही आणि कौतुकही नाही. त्या कॅफेने मला चार माणसांत परत बसवलं, हे मी विसरणार नाही. पण ताईंना विचारलं, ज्वारी कुठून आणता? म्हणाल्या, सोलापूरकडची मालदांडी. केकच्या फळ्यावर वाशीमचं नाव यायला आमच्याकडे आधी ज्वारी पेरली तर पाहिजे.

यंदा बाबांशी बरीच घासाघीस करून मी सोयाबीनमधलं अर्धा एकर मागून घेतलं. बाबा म्हणाले, रानडुकरं खातील. खाल्लीच, अर्धी. उरलेली तीन पोती निघाली. आईने घरगुती चक्की धुऊनपुसून फक्त ज्वारीसाठी वेगळी ठेवली आहे. एक डबा पीठ मी ताईंसाठी पुण्यात आणलं. त्याचा केक जरा काळपट झाला, दाण्याला पाऊस लागला होता ना. आम्ही दोघांनी मिळून संपवला.

आजीला फोटो पाठवला. तिचा व्हॉइस मेसेज आला, "मिठाची हाय का गोड?"

गोड आहे, आजी.

तर मंडळी, तुमच्या घरी पोळी रोजची कधी झाली, हे आज घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.