मतपरीक्षा वाद

मतपरीक्षा वाद हा १८३९ ते १८४५ या काळात ख्रिस्ती धर्म आणि हिंदू शास्त्रे यांच्या प्रामाण्याविषयी संस्कृत ग्रंथांतून झालेला वाद होय. या वादात भाग घेणाऱ्या पंडितांत सुबाजी बापू व नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे दोघे महाराष्ट्रीय होते.

स्वरूप

ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी व संस्कृतज्ञ जॉन म्यूर (१८१०–१८८२) यांनी १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' हा गुरुशिष्य-संवादरूप पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. संस्थापकाचे चमत्कार, धर्मग्रंथाचे पावित्र्य आणि त्याची सार्वत्रिकता या कसोट्यांवर ख्रिस्ती धर्मच खरा ठरतो, असे त्यात प्रतिपादन आहे.

उत्तरे

सिहोर येथील सुबाजी बापू यांनी 'सोमनाथ' या नावाने त्याच वर्षी 'मतपरीक्षाशिक्षा' लिहिली. निरनिराळे धर्म ईश्वरानेच निरनिराळ्या लोकांसाठी निर्माण केले, अशी त्यांची समन्वयाची भूमिका होती. बंगालमधील हरचंद्र तर्कपंचानन यांचा 'मतपरीक्षोत्तर' (१८४०) अधिक तीव्र आहे. काशीत राहणाऱ्या कोकणस्थ ब्राह्मण घराण्यातील गोऱ्हे (१८२५–१८९५) यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' (१८४४–४५) रचला. जगातील दुःख व विषमता यांचा उलगडा पूर्वजन्मीच्या कर्मानेच होतो. एकच जन्म मानल्यास ईश्वराकडे पक्षपाताचा दोष येतो, असा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता.

गोऱ्हे यांचे मतांतर

१८४८ मध्ये गोऱ्हे यांनी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव धारण केले. १८६० च्या 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात त्यांनी जीवाचे अनादित्व, पुनर्जन्म आणि अद्वैत वेदांतातील सत्तेचे तीन प्रकार यांचे खंडन केले. त्यामुळे पुनर्जन्माच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद एकाच लेखकाच्या लेखणीतून उपलब्ध झाले आहेत. पंडिता रमाबाई यांच्या धर्मांतरावर गोऱ्हे यांच्या विचारांचा प्रभाव होता.

प्राचीन संवादांशी तुलना

पाचव्या-सहाव्या शतकांत गाझा परिसरातील ख्रिस्ती लेखकांनी नवप्लेटोवादाच्या खंडनासाठी ग्रीक भाषेत असेच संवाद लिहिले. एनिअस यांच्या 'थिओफ्रास्टस'मध्ये आत्म्याचे पूर्वास्तित्व व पुनर्जन्म नाकारले आहेत, तर झकेरियास यांच्या 'अमोनिअस'मध्ये जगाचे अनादित्व नाकारले आहे. प्रतिपक्षाचे शब्दही ख्रिस्ती लेखकाचेच असल्याने थिओफ्रास्टस हा अथेन्सचा तत्त्वज्ञ अखेर पराभव मान्य करतो. म्यूर यांच्या संवादातील शिष्यही लेखकाने निर्माण केलेलाच आहे. परंतु येथे प्रत्यक्ष पंडितांनी स्वतःच्या नावाने वा टोपणनावाने उत्तरे दिली आणि ती आजही उपलब्ध आहेत. प्रतिपक्षाची बाजू त्याच्याच शब्दांत वाचता येणे, हे या वादाचे विशेष महत्त्व होय.