‘दुबईचा फोन आलाय!’

देवरूखच्या आसपासच्या कुठल्याही मोहल्ल्यात जा, चार घरांआड एक माणूस परदेशात असतो. आधीची पिढी मुंबईच्या गोदीतून खलाशी म्हणून बोटीवर चढली. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामं निघाली, तशी पुढची पिढी कुवेत, दुबई, सौदीला गेली. ही माणसं कुठे गेली, किती पैसा आला, हे पुष्कळदा सांगून झालं आहे. गेलेल्या माणसाला घरून हाक कशी मारायचे, ते आज सांगतो.

माझ्या लहानपणी ही हाक म्हणजे पत्र. जायला पंधरा दिवस, उत्तर यायला पंधरा. शेजारच्या बायकांना लिहिता येत नसे, म्हणून शाळकरी मी त्यांचा लेखनिक. म्हैस व्याली, कौलं परतली, बाळाला दात आले. मध्येच चाची थांबायची. म्हणायची, “पुढचं राहू दे. समजतील ते.” पुढे कविता लिहायला लागलो, तेव्हा ते थांबणं फार कामाला आलं.

मग टेपरेकॉर्डर आले. कॅसेट भरून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती द्यायची. सगळं घर श्वास रोखून बसलेलं आणि नेमका कोंबडा आरवायचा. तोही तिकडे पोचायचा!

फोन होता, पण दुकानदाराकडे. तोच साऱ्या मोहल्ल्याचा ‘पी.पी. नंबर’. “दुबईचा फोन आलाय!” म्हणत पोरगा धावत सुटे, आणि बाई ओल्या हातांनी पोचेपर्यंत लाइन तुटलेली असे.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि तिथल्या टेलिफोनचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. माझे मामू तिथे होते. मी तेव्हा बी.ए.ला. नानी प्रत्येक बातमीपत्राला रेडिओपाशी येऊन बसायची. जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाची विमानं माणसं आणत होती; ऑक्टोबरपर्यंत पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परतले. पण रेडिओ आकडा सांगे, नाव सांगत नसे. ५४व्या दिवशी पलीकडच्या गावचा एक अनोळखी माणूस एसटीने आला. कुवेतहून सुटलेला. खिशात घडी घातलेला कागद, त्यावर बारा नावं आणि बारा गावं. स्वतःच्या घरी एक रात्र काढून तो घरोघर निरोप द्यायला निघाला होता. मामूंचं नाव सातवं होतं. पुढे पंधरवड्याने मामूही आले. त्या माणसाला नानीने जेवल्याशिवाय सोडलं नाही.

त्यानंतर एसटीडी-आयएसडीचे पिवळे फलक लागले. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ते २००३ मध्ये थांबलं आणि मोबाइल आमच्यासारख्यांच्या हाती आला. सोबत मिस्ड कॉल आला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. बिनपैशाची तारच ती!

परदेशात मात्र हिशेब निराळा. रोमिंगचा फोन तिकडे चालू केला, की तिथली कंपनी सिमकार्ड पाहून इथल्या कंपनीला विचारते, हा तुमचाच ना? इथली कंपनी नोंद करते : सध्या मुक्काम जेद्दा. देवरूखहून लावलेला कॉल आधी तिच्याकडे, तिथून जेद्दाला. लावणाऱ्याला इथलाच दर, पुढच्या वाटेचं भाडं उचलणाऱ्याच्या माथी. २००६ मध्ये आई हजला गेली, तेव्हा तिला हे नीट समजावून दिलं होतं. मी रोज इशाच्या नमाजनंतर फोन लावायचो, ती कापायची. कापला म्हणजे ठीक आहे. एके रात्री वाजतच राहिला. दुसऱ्या दिवशी तिने कापला, तोवर मला झोप नव्हती. फोन सामानात राहिला होता, एवढंच.

आता रोमिंगचे पॅक मिळतात. सौदीने इंटरनेटवरून बोलण्यावरची बंदी २०१७ मध्ये उठवली. दुबईत व्हॉट्सअॅपवर बोलणं बरीच वर्षं बंद, म्हणून आमची पोरं ‘बोटिम’ वापरायला शिकली.

मामू आता घरीच असतात. नातू दुबईला आहे. त्याने तासभर फोन उचलला नाही, तर पडवीत येरझारा घालतात, मला हाक मारून विचारतात, “तुला लागतोय का बघ रे.” मी लावून बघतो. कुवेतची आठवण देत नाही.