गॅस्केट व ऑइल सील (मोटारीच्या इंजिनातील)

इंजिनाच्या दोन स्थिर भागांच्या सांध्यात दाबून बसवलेला थर म्हणजे गॅस्केट; फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथे तेल अडवते ते ऑइल सील. गॅरेजमध्ये गॅस्केटला सर्रास ‘पॅकिंग’ म्हणतात.

सर्वांत कठीण काम हेड गॅस्केटचे. ब्लॉक आणि सिलिंडर हेडमधला हा पातळ थर ज्वलनाचा दाब, तेल आणि कूलंट यांना एकमेकांत मिसळू देत नाही. पूर्वी त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असे. आता बहुधा पोलादी पत्र्यांचे एकावर एक थर असतात.

हे गॅस्केट आपणहून क्वचितच जाते, इंजिन तापल्याने जाते. अहिल्यानगर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात भरलेली गाडी चंदनापुरी किंवा करंजी घाट चढते आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे क्षारयुक्त पाणी असते. क्षार साचून पाण्याच्या वाटा अरुंद होतात, अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि पॅकिंग उडते. मग बाहेर कुठे गळती नसताना पाणी कमी होते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो. तेलाची टोपी उघडली की आत चहाच्या सायीसारखा दुधाळ थर दिसतो. अशी गाडी पुढे दामटू नये.

नुसते नवे पॅकिंग टाकून भागत नाही. हेडवर सरळपट्टी धरून फीलर गेजने फट मोजावी, वाकले असेल तर हेड प्लेन करून घ्यावे. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत.

सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर आला तर वाल्व सीलवर संशय घ्यावा. इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तेलाचे थेंब दिसले तर क्रँकच्या मागच्या सीलवर. हे सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून आधी क्रँककेसमधले वायू बाहेर काढणारा पीसीव्ही वाल्व पाहावा. तो तुंबला की क्रँककेसमधला दाब वाढून धडधाकट सीलही गळते. ही साधी तपासणी फार वेळा राहून जाते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँक सील फाटणे आणखी महागात पडते: बाहेरची हवा ओढली जाऊन मिश्रण विरळ होते आणि पिस्टन जाम होतो. अहिल्यानगरला कारखाना असलेल्या कायनेटिकने १९७२ साली आणलेल्या लूना मोपेडचे इंजिन याच जातीचे.

टायमिंग बेल्ट बदलताना कॅमशाफ्टचे आणि क्रँकचे पुढचे सील त्याच वेळी बदलून घ्यावे. मजुरी दोनदा द्यावी लागत नाही.